रत्नमालाबाईंचा डेपो

रिसोडच्या मार्केट यार्डामागं एक बोळ आहे. तिथं कुणाचंही घर विचारा, "डेपोच्या अलीकडं" नाहीतर "डेपोच्या पलीकडं" असंच उत्तर मिळतं. नवखा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण एसटीचा डेपो तर या बोळापासून बराच लांब. बोळातला डेपो म्हणजे रत्नमालाबाई पडघान यांचं भाड्यानं दिलेलं घर.

रत्नमालाबाईंची सगळी हयात सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेली. त्यांचं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक. सगळ्यांच्या त्या सिस्टर. ठेंगणा बांधा, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर, आणि हसायला लागल्या की पदरानं डोळे पुसावे लागेपर्यंत हसणार. नवरा इंद्रभान एसटीत ड्रायव्हर, स्वभावानं त्यांच्या अगदी उलटा. वळण दिसायच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस.

बदल्या होत गेल्या तशी दोघांची बिऱ्हाडं बदलत गेली. एक घरमालक स्वतःची टाकी भरली की भाडेकऱ्यांचा नळ बंद करायचा. एका मालकिणीला यांच्या घरात फोडणी पडली की तिकडं ठसका लागायचा. एका ठिकाणी संडासाला आतून कडीच नव्हती. आत गेलेल्या माणसानं गाणं म्हणत राहायचं, असा तिथला रिवाज. आणि एका गावी तर धम्मदीपा कडेवर, उत्कर्ष बोटाला धरलेला, अशा रत्नमालाबाई खोली बघत फिरत होत्या. मालकानं खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "आडनाव काय म्हनलं?" आडनाव ऐकल्याबरोबर त्याला आठवलं की ही खोली तर साळ्यासाठी ठेवलेली आहे. पुढच्या घरीही साळा येणार होता. त्याच्या पुढच्याही घरी.

"त्या गावात सगळ्यायचे साळे एकाच दिवशी कसे येऊन राह्यले होते, मले अजून समजलं नाई," असं सांगून रत्नमालाबाई हसतात आणि ऐकणाऱ्यांनाही हसवतात. इंद्रभान मात्र तेव्हा हसत नाहीत. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दोन लेकरं आणि ट्रंक घेऊन ते स्टँडवर बसले होते.

पुढं रिसोडला दोघांनी स्वतःपुरतं छोटं घर बांधलं, मुलं शिकली, मार्गी लागली. इंद्रभानपाठोपाठ रत्नमालाबाईही निवृत्त झाल्या, त्यांच्या फंडाचे पैसे हातात आले, आणि घरातल्या प्रत्येकाला एकाएकी अर्थशास्त्र कळायला लागलं. इंद्रभान म्हणाले, बँकेत ठेवू. नागपूरला नोकरीत असलेला उत्कर्ष म्हणाला, म्युच्युअल फंडात टाक. भाऊ म्हणाला, वावर घे. रत्नमालाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका सकाळी चहा गाळता गाळता सांगून टाकलं, "मी घर घेनार हाये."

"घर त हाये आपल्याले," इंद्रभान म्हणाले.

"राह्याले नाई. भाड्यानं द्याले."

इंद्रभाननी कप खाली ठेवला. "दीपाची आई, आपन जलमभर भाडेकरी. मालक होनं आपल्याले जमते का?"

"काहून नाई जमत? वाईट मालक कसा असते, ते आपल्याइतकं कोनाले ठाऊक हाये? त्याच्या उलट करत जायचं. झालं!"

पंजाबराव नावाचे एक दलाल घरा-प्लॉटांचे व्यवहार जमवून देत. त्यांच्याकडं चांगली चांगली घरं होती, पण ती फंडाच्या आवाक्याबाहेरची. आवाक्यातलं एकच होतं, आणि ते दाखवायला पंजाबरावच तयार नव्हते. बोळातलं ते घर कित्येक वर्षं कुलूपबंद. अर्धं स्लॅबचं, अर्धं टिनाचं. मधली खोली भर दुपारी अंधारी. ओट्यावर शेजाऱ्यांच्या शेळ्या. जे गिऱ्हाईक आत जाई ते नाक धरून बाहेर येई.

"उन्हाळ्यात दाखवतो, सिस्टर. आता झड लागली हाये, आत पाय ठेववनार नाई."

"मंग आजच दाखवा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पेशंट बिमार असतानीच पाहा लागते. बरा झाल्यावर पाहून काय फायदा?"

तर श्रावणाच्या झडीत, तीन दिवस सूर्य दिसला नव्हता अशा हवेत, ते तिघं त्या घरात शिरले. आत छत्री उघडूनच उभं राहावं लागलं. इंद्रभान एका कोपऱ्यात छत्रीखाली उभे राहिले आणि तिथंही धार लागली म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात गेले. रत्नमालाबाईंनी मात्र पदर खोचला. भिंतींना बुडापासून हात लावत त्या साऱ्या घरात फिरल्या, नखानं गिलावा खरवडला, वाकून फरशीचे सांधे बघितले, आणि जिथं टिन स्लॅबला भिडत होतं तिथं बराच वेळ वर बघत राहिल्या.

"भिंती बुडातून कोरड्या हायेत. पानी सारं या एकाच जोडातून येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "याले सर्दी झाली हाये. टीबी नाई."

पंजाबरावांनी आजवर घरं पुष्कळ विकली होती, पण घराला असा निकाल मिळालेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

घराची मालकीण होती केनवडची मनकर्णाबाई. तिच्या नवऱ्यानं धान्याचा व्यापार करायला रिसोडला येऊन हे घर बांधलं होतं. तो गेला, मुलगा हरीओम पुण्याला नोकरीला लागला, आणि एकटी बाई कशी राहणार म्हणून दिरांनी तिला केनवडला नेलं. सौदा करायला पंजाबराव या दोघांना तिकडं घेऊन गेले.

मनकर्णाबाई ओसरीवर बसली होती. उंच, वाळकी, आवाज मात्र खणखणीत. तिनं पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोनाचे व तुमी?"

इंद्रभान जोड्यांकडं बघू लागले. रत्नमालाबाई सरळ म्हणाल्या, "पडघान. आमी बौद्ध."

ओसरीवरचे दीर खाकरले. मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "घर इकून राह्यली बाप्पा, पोरगी देऊन नाई राह्यली. खाकरता कायले?"

सौदा जमला. चहा आला. पंजाबरावांना आणि घरच्यांना कपबशीतून, या दोघांना कोनाड्यात वेगळे ठेवलेल्या काचेच्या ग्लासांतून. रत्नमालाबाईंनी ते बघितलं, चहा पिऊन संपवला, आणि ग्लास न विसळता तिथंच ठेवून उठल्या.

खरेदीखत झालं आणि काम सुरू झालं. मिस्त्री होते बाबूसिंग राठोड, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, शांत आणि कामाचे पक्के. टिन उतरलं, तिथं स्लॅब पडला, जोडावर वॉटरप्रूफिंग झालं. घराच्या चार खोल्या स्वतंत्र केल्या. रत्नमालाबाईंच्या अटी ठरलेल्या होत्या: प्रत्येक खोलीला वेगळा नळ, वेगळं मीटर, कडप्प्याचा ओटा, आणि संडासाला आतून चांगली दणकट कडी. ती कडी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडली. दुकानदारानं दाखवलेल्या कड्या त्या एकेक करून अशा ओढून बघत होत्या की तो म्हणाला, "सिस्टर, बँकेची तिजोरी हाये का?"

अडचण आली ती मधल्या अंधाऱ्या खोलीची. तिथं खिडकी पाडायची ठरली. बाबूसिंगनी भिंतीवर चौकोन आखला, माणसानं छिन्नी लावली, चार ठोके पडले, आणि भिंतीचा आखलेल्या खिडकीसकट अर्धा भाग धडधडत अंगणात जाऊन पडला. दोन्ही बाजूंचा बोळ गोळा झाला. कुणाला लागलं नव्हतं; छिन्नीवाला पांढरा धोप होऊन खोकत उभा होता. बाबूसिंगनी आधी त्याला बाहेर काढलं, मग धावत जाऊन छताखाली टेकू लावले.

इंद्रभान डोक्याला हात लावून बसले. "मी म्हनत होतो. मी म्हनतच होतो!"

"काय म्हनत होते?"

"बँकेत ठेवू म्हनत होतो!"

रत्नमालाबाईंनी आधी छिन्नीवाल्याचे हातपाय चाचपून बघितले, त्याला पाणी पाजलं. मग त्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. धूळ खाली बसत होती आणि पडलेल्या भिंतीतून ऊन थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. त्या कोपऱ्याला ऊन कधी लागलंच नसावं. तिथल्या फरशीचा रंग लाल आहे हेही तेव्हाच कळलं.

"बाबूसिंगभाऊ, ही भिंत पुन्हा बांधूच नका," त्या म्हणाल्या.

"मंग छत कायच्यावर राहीन, सिस्टर?"

"ते तुमी सांगा. पन हे ऊन आता बाहीर नाई जायले पायजे."

बाबूसिंगनी विचार केला, आणि दोन दिवसांनी लोखंडी गर्डर घेऊन आले. भिंतीच्या जागी जाळीची रुंद पडवी झाली. घरात शिरलेला प्रत्येक माणूस आज आधी त्या पडवीत जाऊन उभा राहतो.

राहता राहिला रंग. आतल्या भिंती रत्नमालाबाईंच्या मर्जीच्या, फिकट. दारं-खिडक्या इंद्रभाननी मागून घेतल्या. इतके दिवस लांब लांब राहणारा हा माणूस भिंत पडल्यापासून घरात गुंतला होता. सकाळी डबा घेऊन जायचा आणि बाबूसिंगनी हाकललं की परत यायचा. एका दुपारी रत्नमालाबाई येऊन बघतात तो सगळी दारं लाल. साधी लाल नाही, एसटीची लाल.

"हे काय केलं?"

"या रंगानं आपलं पोट भरलं," इंद्रभान ब्रश धुता धुता म्हणाले. "माह्या गाडीले कधी अपघात नाई झाला."

बोळानं दुसऱ्याच दिवशी घराचं नाव डेपो ठेवलं. रत्नमालाबाई आधी चिडल्या, मग हसल्या, मग पंजाबरावांना फोनवर स्वतःच सांगू लागल्या, "गिऱ्हाईक डेपोवर धाडा. आन एक सांगतो, आडनाव इचारून धाडू नका. पानी जपून वापरते का, तेवढं इचारा."

घरात शिरताना त्रिसरण-पंचशील झालं, बोळात खीर वाटली. पहिली भाडेकरीण आली पल्लवी, बँकेत नव्यानं लागलेली अमरावतीकडची मुलगी. मग शाळेवरचं एक जोडपं, मग दोन मुली, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, ज्या पहाटेपासून बोळात धावत सुटायच्या. मधली पडवीची खोली मात्र रिकामी होती. लोक मागत होते, रत्नमालाबाई "बघू" म्हणत होत्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका बाजाराच्या दिवशी मनकर्णाबाई भाजीची पिशवी घेऊन बोळात येऊन उभी राहिली. शेळ्या नव्हत्या. कुलूप नव्हतं. लाल दारांकडं बघून ती ओरडली, "अवं, हे काय करून ठेवलं माह्या घराचं?"

रत्नमालाबाई आत नळ बघायला आल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "या मावशी. आत या, मंग शिव्या द्या."

मनकर्णाबाई एकेक खोली बघत गेली. कडप्प्याच्या ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला, बंद केला. मधल्या खोलीत आली आणि थांबली. याच खोलीत दिवसाही बल्ब लावून ती स्वयंपाक करायची. याच खोलीत हरीओम झाला होता. आता तिथं ऊन पसरलं होतं आणि जाळीवर दोन चिमण्या भांडत होत्या. ती पिशवी घेऊनच खाली फरशीवर बसली.

"मी याईले कितीकदा म्हनलं होतं, येथं खिडकी पाडा," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "म्हने, कायले पायजे? बल्ब हाये ना." मग जरा वेळानं, "हे खोली कोनाले देली?"

"कोनाले नाई अजून."

"मले दे."

रत्नमालाबाईंना वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. पण ती गंभीर होती. केनवडला खायला-प्यायला कमी नव्हतं. बोलायला कुणी नव्हतं. दीर वावरात, सुना टीव्हीपुढं.

"या मावशी, राहा. तुमचंच घर होतं. भाडं-गिडं राहू द्या."

मनकर्णाबाई ताडकन उठली. "फुकट राहीन त पाव्हनी होईन. पाव्हनीले कोनी कवा बी जाय म्हनते. भाडेकरीन होईन त मले हक्कानं तक्रार करता येईन. भाडं सांग!"

भाडं ठरलं, तेही घासाघीस करून. पुण्याहून हरीओमचा फोन आला: "आई, आपल्याच घरात भाड्यानं? लोक काय म्हणतील? आणि तेही..." पुढचं त्याला बोलवलं नाही. फोन स्पीकरवर होता. पडवीत उभ्या सगळ्यांनी तो ऐकला. मनकर्णाबाई म्हणाली, "लोकायचं राहू दे. येथं मले ऊन भेटते. तू पुन्याले तुह्या फ्लॅटमंधी माह्यासाठी ऊन ठेवलं का?" आणि फोन ठेवून दिला.

तक्रारीचा हक्क तिनं पुरेपूर वापरला. नळाला धार कमी आहे. पोलीसवाल्या पोरी पहाटे फार पाय वाजवतात. लाल रंग डोळ्यांना खुपतो. इंद्रभान पाना-पक्कड घेऊन रोज हजर. तिच्या तक्रारी त्यांना आवडायला लागल्या होत्या. पल्लवीला तर तिनं ताब्यातच घेतलं. पण जेवण तिचं स्वतःचं, स्वतःच्या ओट्यावर. रत्नमालाबाई कधी काही घेऊन आल्या तर "पोट भरलं" म्हणायची, आणि रत्नमालाबाई आग्रह करत नसत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पल्लवीला ताप आला. मनकर्णाबाई तिच्या उशाशी बसून राहिली, कपाळावर पट्ट्या ठेवत. रत्नमालाबाई गोळ्या घेऊन आल्या, नाडी बघितली. सोबत त्यांनी डब्यात ज्वारीच्या कण्या आणि लसणाचं तिखट आणलं होतं. ताप उतरला, पोरगी उठून बसली, जेवू लागली. रत्नमालाबाईंनी स्वतःला वाढून घेतलं. तेवढ्यात मनकर्णाबाईनं आपली ताटली पुढं केली.

"मले बी वाढ."

रत्नमालाबाईंनी आधी नुसत्या कण्या वाढल्या. "तिखट हाये, मावशी."

"मंग? मी काय काशीहून आली का?" आणि मग आवाज उतरवून, "केनवडले तुमाले कोनाड्यातल्या गिलासात चहा देला होता. तुले समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मंग काहून नाई बोलली?"

"घर घ्याचं होतं ना." रत्नमालाबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. "वाईट वाटलं होतं, मावशी. याईले जास्त. घरी येईपर्यंत एक शब्द नाई बोलले."

मनकर्णाबाईनं मान खाली घातली. "वाटनारच," ती म्हणाली. "माह्याकडून ते बरं नाई झालं." मग तिनं एक घास खाल्ला, तिला जोराचा ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि पल्लवी आजारीपण विसरून खदखदा हसत सुटली. त्या दिवसापासून रविवारचं जेवण पडवीत सगळ्यांचं एकत्र होऊ लागलं. बाईच्या तक्रारींत एकीची भर पडली: सिस्टर मीठ कमी टाकते.

उन्हाळ्यात पंजाबरावांनी दुसरं घर सुचवलं, कारंजा लाडला. भाड्यांतून जमलेलं आणि बँकेचं थोडं कर्ज, असा मेळ बसत होता. रत्नमालाबाई आणि इंद्रभान बघायला निघाले, तर मनकर्णाबाई धुवट पातळ नेसून, छत्री घेऊन स्टँडवर आधीच हजर.

"तुमी कुठं, मावशी?"

"तुले भाव करता येत नाई. माह्या घराचे तू दहा टक्के जास्त देले. मी तवा बोलली नाई, कारन मले पायजे होते."

कारंजाचं घर होतं मोहनसिंग नावाच्या निवृत्त मास्तरांचं. जुनं पण नीटनेटकं, मागं लिंबाचं झाड, दोन बिऱ्हाडं सहज राहतील असं. रत्नमालाबाईंना आत पाऊल टाकताच आवडलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. मनकर्णाबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि स्वतः छत्रीच्या टोकानं भिंती ठोकत निघाली. "येथं पोकळ वाजते. हे दार घासते. मोरीचा उतार उलटा हाये." मास्तर मागं मागं फिरत घामाघूम झाले. मोरीचं तिचं खरं होतं. बाकी बरंचसं ती रचत होती.

शेवटी मास्तरांनी विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण? सासूबाई का?"

"मी? मी हिची भाडेकरीन."

मास्तर रत्नमालाबाईंकडं बघायला लागले, मग इंद्रभानकडं. "घर घ्यायला भाडेकरू घेऊन आलात?"

"तीच आमाले घेऊन आली," इंद्रभान म्हणाले.

मास्तर इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. हसता हसताच त्यांनी किंमत खाली आणली, आणि मनकर्णाबाईनं ती आणखी थोडी खाली ओढली. लिंबाच्या झाडाला हात लावायचा नाही एवढी एक अट मास्तरांनी घातली. ती रत्नमालाबाईंनी कुणी काही बोलायच्या आत मान्य केली.

इसाराचे पैसे देऊन सगळे स्टँडवर आले, तेव्हा वाशिममार्गे रिसोडला जाणारी गाडी लागत होती. दारापाशी ही गर्दी. दोघी बाया मोरीचा उतार कुठून काढायचा यावरून भांडत मागं राहिल्या. इंद्रभाननी खिडकीतून रुमाल टाकून त्यांच्यासाठी दोन जागा धरल्या, आणि स्वतः पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले.